दुखत नाही तोवर

पौड, १२ जून १९५७

मॅट्रिक पास झाले. नुसती पास नाही, फर्स्ट क्लास! आगाशे सर स्वतः सांगायला घरी आले तेव्हा मी गोठ्यात शेण भरत होते. तशीच नमस्काराला वाकले, तर सर घाईने दोन पावलं मागे सरले. त्यांनी ही डायरी बक्षीस दिली. गेल्या वर्षाची आहे, तारखा खोडून लिहाव्या लागतील. "रोज लिहीत जा, भाषा सुधारेल," म्हणाले. म्हणजे माझी भाषा बिघडलेली आहे, असं सरांना इतके दिवस वाटत होतं तर! रोजबिज काही लिहायची नाही. सांगण्यासारखं असेल तेव्हाच लिहीन.

आज आहे. आबा तोंडाने काही बोलले नाहीत, पण संध्याकाळी चावडीवरून दोनदा जाऊन आले, तिकडे काडीचं काम नसताना. आत्याने मात्र आळीभर गूळ वाटला आणि भेटेल त्याला सांगत सुटली, "आमची लीला डाक्टरीण हुनार. बायांची डाक्टरीण."

डॉक्टर व्हायचं हे माझ्या डोक्यातलं नव्हेच मुळी, आत्याच्या डोक्यातलं. मी तीन वर्षांची असताना आई बाळंतपणात गेली. डॉक्टर होते, पण पुरुषमाणूस. आईने त्यांना जवळ येऊ दिलं नाही आणि घरात कुणाला त्यात वावगंही वाटलं नाही. आत्या तेव्हा कपाळ पुसून माहेरी, भावाकडे म्हणजे आबांकडे, परतली होती. बारशाला माझ्या कानात कुर्र करून नाव तिनेच ठेवलेलं, मग मला वाढवायचं कामही तिच्याकडेच आलं. "त्याच दिशी मी म्हनलं, ही पोर डाक्टरीण करीन तर नावाची सगुणा." हे मी इतक्या वेळा ऐकलंय की मला झोपेतही म्हणता येईल.

१४ जून

डॉक्टरीला लगेच कुणी घेत नाही, हे आज घरातल्यांना समजावून सांगता सांगता माझी दमछाक झाली. आधी दोन वर्षं कॉलेजात सायन्स. मग इंटरची परीक्षा. तिच्यात चांगले मार्क पडले तर मेडिकलला अर्ज. तिथे पुढे पाच वर्षं. आता ही पहिली दोन वर्षं कुठे काढायची, यावर खल चालला आहे.

पुणं हे सरांचं मत. मुलींचं वसतिगृह आहे, प्रयोगशाळा चांगली. सांगली हे आबांचं. तिथे जयसिंगमामाचं घर कॉलेजपासून चालत जाण्याच्या अंतरावर. "परक्याच्या हाटेलात पोरगी ठेवायची न्हाई," हे आबांचं म्हणणं. वसतिगृह म्हणजे हाटेल नव्हे, हे मी तीनदा सांगितलं. सरांनी खुलासा केला की दोन्ही कॉलेजं एकाच विद्यापीठाची, परीक्षा एकच, अर्जही एकाच ठिकाणी करायचा. तेव्हा कुठेही शिकली तरी फरक नाही.

आत्या पुण्याच्या बाजूने. इतका वेळ भिंतीला टेकून ऐकत होती, एकदम म्हणाली, "कुटं लवकर हुतं?"

"काय लवकर होतं?"

"डाक्टर. पुण्यात लवकर हुतं का सांगलीत?"

सर हसले. मीही हसले. दोन्हीकडे सातच वर्षं, असं मी सांगितलं. आत्या बोटांवर काहीतरी मोजत बसली. मग म्हणाली, "सात लई हुत्यात. पर पुनंच बरं. ऐतवारची यस्टी धरली की पोर दारात. आन् मला बी जाऊन येता यील कवातरी."

आत्याला पुण्याची एवढी हौस कधीपासून, देव जाणे. आळंदीच्या पलीकडे ती आजवर कुठे गेलेली नाही. पण माझाही कौल पुण्यालाच. पुणं ते पुणं!

१७ जून

आजच्या दिवसाबद्दल लिहूच नये असं वाटतंय. पण लिहिते.

सर, आबा आणि मी कॉलेज बघायला निघालो तर आत्याही लुगडं बदलून तयार! तिचं तिथे काय काम? पण आबांना ती विचारते थोडीच. बावधन मागे पडलं तशी ती खिडकीला तोंड लावून बसली आणि प्रत्येक मोठ्या इमारतीला "ह्यो दवाखाना का?" म्हणून विचारू लागली. मागच्या बाकावरची माणसं हसायला लागली तेव्हा मी डोळे मिटून झोपेचं सोंग घेतलं.

कॉलेज छान आहे. काचेच्या बरण्यांत साप ठेवलेत. वसतिगृहाच्या बाई स्वच्छ, गोऱ्या, चष्म्यातून बघणाऱ्या. त्या मला विषय विचारत होत्या, मी शुद्ध बोलायचा प्रयत्न करत होते, आणि तेवढ्यात आत्या मध्येच, "बाई, घरची बाईमानूस हितं दोन दिस ऱ्हायाला आली तर चालतंय का?"

"पाहुण्यांची सोय नाही," बाई म्हणाल्या.

"बरं बरं. आन् हितं जवळ बाया डाक्टर हायेत का? बायांनाच बगत्यात असा दवाखाना?"

बाईंनी चष्मा काढला. "तुम्हाला काही होतंय का?"

"मला? मला काय धाड भरलीया! पोरीसाठी इचारते. शिकायची हाय ना तिला."

दारात एक मुलगी उभी होती, दोन वेण्या, रिबिनी. ती तोंडावर हात घेऊन हसली. मग तिने आत्याच्या पायांकडे बघितलं. भेगांत चिखल तसाच होता. मग माझ्या पायांकडे बघितलं. माझेही तसेच होते, हे मला तोवर ठाऊक नव्हतं.

बाहेर आल्यावर मी आत्याशी बोलले नाही. तिला मोठं इस्पितळ बघायचं होतं, लांबूनच, दारापर्यंत. आबा म्हणाले जाऊ या, वेळ आहे. मी म्हणाले माझं डोकं दुखतंय. सरळ स्टँडवर आलो.

१९ जून

सांगलीला जायचं ठरलं. मीच ठरवलं. आबांना सांगितलं, मामाचं घर आहे, सुरक्षित आहे, रविवारी घरी यायच्या धांदलीत अभ्यास बुडेल. आबा खूश. सर थोडे गोंधळले.

खरं कारण आबांना सांगितलं नाही, इथे लिहिते. मला त्या वेण्यांच्या मुलीसमोर पुन्हा उभं राहायचं नाही. आणि आत्या दर पंधरा दिवसांनी गाठोडं घेऊन वसतिगृहाच्या दारात उभी राहिली तर मी काय करणार? शिवाय पुण्यात असले की लावणीला घरी, झोडणीला घरी, शेण आहेच. मला लांब जायचं आहे. यात माझं काय चुकलं?

आत्याला सांगितलं तेव्हा ती तांदूळ निवडत होती. हात थांबला.

"सांगली लई लांब का गं?"

"एक रात्र गाडीत."

"तितं बायांची डाक्टरीण असंल?"

"असेल की. का?"

"न्हाई, इचारलं. तुला बगून शिकता यील." मग पुन्हा निवडायला लागली. थोड्या वेळाने म्हणाली, "मी कवा येनार तितं." ते मला उद्देशून नसावं, सुपाला उद्देशून असावं.

एवढं मनाला लावून घ्यायचं काय कारण? चारचौघींच्या मुली लग्न होऊन जातातच की लांब. मी तर शिकायला चालले आहे.

सांगली, ३० जून

मामाचं घर बरं आहे. मामी चहात साखर कमी घालते पण मनाने चांगली आहे. एस्टी सुटताना आत्या रडली नाही. माझ्या पदरात आंबेमोहोराची पुरचुंडी बांधली आणि म्हणाली, "बिगीबिगी शिक." जसं काही मी बिगीबिगी शिकले तर विद्यापीठ वर्षं कमी करणार आहे!

२ सप्टेंबर

आज बेडूक कापला. बाकीच्या मुली नाकाला रुमाल लावून उभ्या, मी मात्र सरळ कात्री चालवली. भातखाचरात वाढलेल्या मुलीला बेडकाचं काय कौतुक! पण आत सगळं इतकं नीटनेटकं बसवलेलं असतं, हे माहीत नव्हतं. हृदय बाहेर काढल्यावरही थोडा वेळ उडत होतं. शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, "तुझा हात चांगला आहे." दिवसभर हात निरखत होते.

पौड, २४ ऑक्टोबर

दिवाळीला घरी. घर लहान झाल्यासारखं वाटतंय. कुणी बदलावं तर तेही नाही, सगळं जागच्या जागी. फक्त आत्या थोडी विचित्र वागते.

दरवर्षी नरकचतुर्दशीला ती मला तेल लावते आणि मग पाठ करून बसते, "आता तू माजी रगड." यंदा मला न्हाऊ घातलं आणि स्वतः दार लावून न्हाली. मी बाहेरून हाका मारल्या तर म्हणाली, "मोठी झालीस आता. लाजबीज हाय का न्हाई?" लाज! जिच्या पाठीवरचा तीळ न् तीळ मला पाठ आहे, तिला माझी लाज!

मी कॉलेजात गेले म्हणून परकी झाले असेन. वाईट वाटलं. तिच्या अंगाला बिब्ब्याचा वास येतो. खांदा धरलाय म्हणाली. घागर आता उजव्या कमरेवर घेते, पूर्वी डाव्या घ्यायची. वय झालं की माणसं सवयी बदलतात, असं मामी म्हणते ते खरं असावं. पण आत्याचं वय ते काय, चाळिशी उलटली एवढंच.

पौड, ६ मे १९५८

पहिलं वर्ष पार पडलं, मार्क उत्तम. उन्हाळ्यात सगळीकडे भाताच्या रोपांसाठी राब भाजून झालेत. उतारावर जिथे बघावं तिथे काळे चौकोन, आणि गावभर राखेचा वास. शेण आणि पालापाचोळा डोक्यावरून वाहण्याचं काम आत्याचं असायचं. यंदा आबांनी गडी लावला. आत्या नुसती बांधावर बसून, "तितं जास्ती टाक रं," म्हणत होती. चैन आहे बाईची, म्हणून मी चिडवलं. ती हसली.

आज मात्र गंमत झाली. मला पहिला पेशंट मिळाला!

दुपारी मी ओसरीवर आडवी झाले होते. आत्या शेजारी येऊन बसली. बराच वेळ वारा घालत राहिली. मग म्हणाली, "लिले, नांदे गावची एक बाई हाय. माज्या वळखीची. तिच्या छातीला गाठ आलीया म्हनं."

"केवढी?"

"असंल सुपारीयेवडी. आता वाइच मोठी झालीया."

"दुखते का?"

"त्येच तर. दुखत न्हाई बग अजाबात. दाबली तरी न्हाई."

मी उठून बसले. अगदी डॉक्टरांसारखी मान हलवली. दुखणं म्हणजे शरीराची हाक, असं आमच्या बाईंनी एकदा सांगितलं होतं, ते मी आत्याला समजावलं. जे दुखत नाही ते शरीराला जाचत नाही. गळू असेल तर ठणकतं, हाड मोडलं तर ठणकतं. दुखत नाही म्हणजे साधी चरबीची गाठ असणार. आबांच्या पाठीवर नाही का, इतकी वर्षं?

"मग तिनं डाक्टरकडं न्हाई गेलं तर चालंल?"

"दुखत नाही तोवर काही काळजी नको, म्हणावं."

"नक्की ना गं?"

"अगं, मी शिकतेय ना!"

आत्याने माझ्या तोंडावरून हात फिरवून बोटं कडाकडा मोडली. मग कामाला लागली ती ओव्या म्हणत. संध्याकाळी पिठलं-भाकरी चांगली पोटभर जेवली. कितीतरी दिवसांत तिला अशी जेवताना बघितलं नव्हतं. नांद्याच्या बाईवर तिचा इतका जीव आहे, हे मला माहीत नव्हतं.

मोठी झाले की पौडातच दवाखाना काढायचा असं मी आज ठरवलं. पाटी अशी हवी की एस्टीतून दिसली पाहिजे.

सांगली, १४ नोव्हेंबर

दिवाळीला घरी गेले नाही. जादा प्रात्यक्षिकं होती. म्हणजे सक्तीची नव्हती. पण इंटरचं वर्ष आहे, एकेका मार्कावर मेडिकल अडतं. आबांनी कुणाकडून तरी लिहून घेतलेलं कार्ड आलं, सगळे खुशाल आहेत, अभ्यास कर. आत्याचा आशीर्वाद, आणि खाली "अजून किती राहिले ते कळव." मी उत्तर पाठवलं, थोडेच राहिले.

२२ फेब्रुवारी १९५९

मामा कामासाठी पुण्याला गेले होते, पौडाला डोकावून आले. म्हणाले, "सगुणाबाई लई वाळल्यात. डावा हात सुजलाय. मी म्हनलं दवाखान्यात चला, तर म्हनल्या लीलाची परीक्षा झाली की बगू." माझ्या परीक्षेचा आणि तिच्या हाताचा काय संबंध? गांधीलमाशी चावली असेल. आत्याचं असंच, काटा रुतला तरी महिनाभर कुणाला दाखवायची नाही.

मला मात्र त्यानंतर अभ्यास सुचला नाही. वनस्पतिशास्त्राचं एकच पान दोन तास वाचत होते.

पौड, १९ एप्रिल

पेपर संपले. काल आले.

क्रमाने लिहिते म्हणजे जमेल.

आबा स्टँडवर आले होते. आत्या दारात उभी राहू शकली नाही, आतून हाक मारली. मला बघून म्हणाली, "आलीस? संपलं समदं?" मी म्हणाले परीक्षा संपली. तिने आबांना काहीतरी आणायला म्हणून बाहेर पाठवलं आणि मला दार लावायला सांगितलं.

"आता दाखवते तुला," म्हणाली. "तू म्हनली हुतीस ना, दुखत न्हाई तोवर काळजी न्हाई. आता दुखतंया."

चोळीची गाठ सोडायला तिला डावा हात वर करता येईना. मीच सोडली. आत जुन्या धडप्याच्या घड्या होत्या, हळद आणि बिब्बा लावलेल्या, आणि त्या सुटताना जो वास आला तो मी जन्मात विसरणार नाही. मी बेडूक कापले आहेत, झुरळ कापलं आहे. मी काय बघतेय याचं नाव मला शिकवलेलं नव्हतं. पण ते काय आहे हे मला कळलं. कुणालाही कळलं असतं.

"नांद्याची बाई..." मी म्हणाले.

"नांद्यात माजं कोन हाय?" आत्या म्हणाली. "बरं हुईल ना गं?"

मी घड्या पुन्हा जागेवर बसवल्या आणि चोळीची गाठ बांधली.

२१ एप्रिल

आज तिला पुण्याला नेलं, मोठ्या इस्पितळात. आबा आणि मी. एस्टीत तिला खिडकीशी बसवलं. बावधन सोडल्यावर तिने एकदाही विचारलं नाही, ह्यो दवाखाना का म्हणून.

तपासायला बाईच होत्या. साध्या, पिकल्या केसांच्या, हात गरम पाण्यात धरून मग हात लावणाऱ्या. आत्याने त्यांना सगळं दाखवलं, अगदी सहज, लेकराने दाखवावं तसं. दोन वर्षांपूर्वी या दारापर्यंत मी तिला येऊ दिलं नव्हतं. माझं डोकं दुखत होतं म्हणून. दुखतही नव्हतं.

"केव्हापासून आहे?" बाईंनी विचारलं.

"झाली की दोन-अडीच वर्सं."

"अहो, मग आधी का आला नाहीत? कुणाला विचारलं होतं?"

पडद्याच्या आत आम्ही तिघीच होतो. आत्याने माझ्याकडे बघितलं. मी तोंड उघडलं होतं, सांगणार होते, शपथेवर सांगते. पण तिने आधीच उत्तर दिलं.

"न्हाई बाई. कुनालाबी न्हाई. मीच तोंड शिवून बसले. पोरीला तर ठावंच नव्हतं."

बाईंनी मला बाहेर नेलं. मेडिकलला जाणार हे कळल्यामुळे माझ्याशी त्या सरळ बोलल्या. कॅन्सर आहे, काखेत, कदाचित फुप्फुसातही उतरला आहे. आता कापून उपयोग नाही. दोन वर्षांपूर्वी आणलं असतं तर काही करता आलं असतं. "सुरुवातीला हे दुखत नाही," त्या म्हणाल्या. "तेच वाईट. दुखत नाही म्हणून बायका येतच नाहीत."

मी मान हलवली. अगदी डॉक्टरांसारखी.

४ मे

परवा कुणी नसताना मी तिला सगळं सांगितलं. चुकीचं सांगितलं होतं, काही येत नसताना सांगितलं होतं, आणि पुण्याला का गेले नाही तेही. ती रिबिनींची मुलगी, चिखलाचे पाय, सगळं. तिच्या पायांवर डोकं ठेवलं. तिने रागवावं, दोन शिव्या द्याव्यात, असं मला फार वाटत होतं.

ती छताकडे बघत पडली होती. म्हणाली, "तू सांगितलंस म्हनून एक वरीस सुकानं झोपले बग. न्हाईतर रोज रातच्याला हात लावून बगत हुते."

मग म्हणाली, "पाय तवा धुवायला पायजे हुते. घाईत ऱ्हायलं."

तिचं हे माफ करणं मला सहन होत नाही.

१३ जून

इंटरचा निकाल. फर्स्ट क्लास, मेडिकलला पुरेल इतके मार्क. आगाशे सर सांगायला आले. ओसरीवरूनच सांगितलं, आत येववलं नाही त्यांना.

आत्याच्या कानाशी जाऊन सांगितलं. बराच वेळ तिला कळलंच नाही. मग ओठ हलले. मी वाकले.

"आता किती?"

"पाच वर्षं, आत्या."

"मग काय," ती म्हणाली, "झालीसच की."

२७ जून

आत्या काल पहाटे गेली. कालपासून आबा बांधावर बसून आहेत. रोपं लावणीला आली आहेत, पण खाचरात अजून कुणी उतरलेलं नाही.

पुणे, १९ जुलै

पुण्याच्या मेडिकल कॉलेजात प्रवेश मिळाला. त्याच वसतिगृहाच्या गल्लीतून आज गेले. रिबिनींची मुलगी तिथे असणार नव्हती, नव्हतीच. कोण होती ती, तिचं नावही मला माहीत नाही. तिच्या एका हसण्याखातर मी केवढं दिलं!

आता दर रविवारी घरी जाते. एस्टीला किती वेळ लागतो? बसलं की पोहोचलं. आबा स्टँडवर येतात आणि मी उतरले की माझ्यापुढे चालू लागतात. स्वयंपाक मी करते. चूल पेटवताना अजून पाठीमागे हात पसरते, आत्याने फुंकणी द्यावी म्हणून.

पौड, २ ऑगस्ट

आज रविवार. दुपारी शेजारच्या सारजाबाई आल्या, मागे त्यांची सून गंगू. गंगूचा पदर गळ्याभोवती घट्ट. सारजाबाई आधी आत्याच्या आठवणी काढून रडल्या, मग डोळे पुसून म्हणाल्या, "लीलाताई, आता तूच आमची डाक्टरीण. हिच्या मानंला बग काय आलंया. आमच्या ह्यास्नी म्हनलं, त्या बाप्या डाक्टरकडं दाखवायची न्हाई, आपली पोर हाय घरची."

गंगूने पदर सोडला. मानेला उजवीकडे एक गाठ. मी हात लावला नाही.

"काय असंल?" सारजाबाईंनी विचारलं.

"मला माहीत नाही," मी म्हणाले.

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. "अगं, तू शिकतीस ना?"

"शिकते. पण मला माहीत नाही. पुण्यात एक बाई आहेत, चांगल्या आहेत, त्यांना माहीत असेल. उद्या सकाळच्या पहिल्या एस्टीने तुम्ही दोघी माझ्याबरोबर चला."

"उद्या?" सारजाबाई हसल्या. "लावनी चाललीया. कशापायी येवडी घाई? दुखत बी न्हाई तिला."

"दुखत नाही म्हणूनच," मी म्हणाले, आणि त्या हो म्हणेपर्यंत गंगूचा हात सोडला नाही.

गंगू उद्या येते आहे. तिला खिडकीशी बसवणार आहे.